डेल्फ्टच्या कापडवाल्याची पत्रे

सूक्ष्म जीव पाहणारा पहिला माणूस, एवढीच लेव्हेनहूकची ओळख शाळेने आपल्याला करून दिली. त्याची पत्रे मात्र फारशी कुणी वाचत नाही. इंग्रजी भाषांतरातून ती वाचताना मला जाणवले, की लेखन म्हणूनही ती मोलाची आहेत आणि लेखन म्हणूनच त्यांच्यात एक मोठी उणीवही आहे.

अँटनी लेव्हेनहूक हा हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी. विद्यापीठात गेला नव्हता, लॅटिन येत नव्हते. दोन छोट्या पितळी पत्र्यांमध्ये इवलेसे भिंग बसवायचे आणि ते डोळ्याशी धरायचे, हे त्याचे सूक्ष्मदर्शक. १६७३ पासून सुमारे ५० वर्षे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली, तीही आपल्या डच भाषेत. भाषांतराची काळजी लंडनकरांची! मराठीत विज्ञान कसे लिहायचे, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या पत्रांचे बळ साधेपणात आहे. आकार सांगायचा तर माप वाळूच्या कणाचे. १६७६ मध्ये मिरी भिजवलेल्या पाण्यातले जीव त्याने वर्णिले. सोसायटीला शंका आली, तेव्हा पाद्र्यांसह आठ जणांच्या साक्षी पाठवल्या. १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचे किटण तपासले आणि दिसले ते न लाजता कळवले.

पण काय दिसले हे भरभरून सांगणारा हा माणूस कसे पाहिले हे सांगत नाही. पाककृती देताना एक जिन्नस मागे ठेवणाऱ्या सुगरणीसारखा! आमच्या व्यवसायात सांगायचे तर आउटपुट दिले, सोर्स कोड कुलुपात ठेवला. परिणामी त्याची परंपरा पुढे चालवणारा शिष्य घडला नाही.

२०२१ मध्ये डच संशोधकांनी युट्रेक्टच्या संग्रहालयातील त्याचे सुमारे २७० पट मोठे दाखवणारे सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासले. आतला काचेचा मणी रॉबर्ट हूकने छापून जाहीर केलेल्या कृतीशी जुळणारा निघाला. म्हणजे मागे ठेवलेला जिन्नस शेजाऱ्याच्याच पुस्तकातला!

पत्रे जरूर वाचा, मुलांनाही वाचायला द्या. निरीक्षण त्याच्याकडून शिकावे, आणि कृती सांगायचा मोकळेपणा हूककडून.