तिसऱ्या सूत्राची गोडी

शियाळी रामामृत रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली मद्रासमध्ये पुस्तकरूपाने आली. ग्रंथपालनाच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ती पाठ असतात, आणि एकदा पाठ झालेली गोष्ट सहसा कुणी पुन्हा वाचायला घेत नाही. मला त्यातले तिसरे सूत्र सगळ्यांत रसाळ वाटते. सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्याला जे समाधान मिळते, त्याचे मर्म मला तरी तिथेच सापडले.

पहिले सूत्र पुस्तके वापरात असावीत असे बजावते. दुसरे वाचकाच्या बाजूने उभे राहते: प्रत्येकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. तिसऱ्यात बाजू पालटते. आता पुस्तकाला त्याचा वाचक हवा आहे. घाईत वाचले तर हे दुसरेच सूत्र उलटे मांडलेले वाटते. पण वाचकाला तोंड असते. तो देवघेवीच्या खिडकीशी येतो, नाव सांगतो, नाही मिळाले तर तक्रार करतो. पुस्तक मुके असते. वीस वर्षे कुणी हात लावला नाही तरी ते कुणापाशी गाऱ्हाणे घेऊन जात नाही. त्याची वकिली करायची जबाबदारी या सूत्राने ग्रंथपालावर टाकली, आणि तीच या नोकरीतली सर्वांत सुंदर जबाबदारी आहे.

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या शांत, रिकाम्या खोल्यांना इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. त्यांना लंडनला शिकायला पाठवले गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये, त्यांत सहज ये-जा करणारी सर्व थरांतली माणसे त्यांनी पाहिली आणि परतले ते मन बदलूनच. ही हकीकत ठाऊक असली की सूत्रांतला जिव्हाळा कुठून आला ते कळते.

तिसरे सूत्र अमलात आणायला त्यांनी सांगितलेले पहिले साधन म्हणजे मुक्तद्वार पद्धत: वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ द्यायचे. आपल्याकडे बरीच वर्षे वाचक जाळीबाहेर उभा राहून चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा आणि शिपाई पुस्तक आणून द्यायचा. काही ठिकाणी अजूनही तसेच चालते. त्या पद्धतीत फक्त नाव ठाऊक असलेलेच पुस्तक बाहेर येते. दुसरे साधन तालिकेचे. एका पुस्तकाची नोंद लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावावर थांबवायची नाही. आतल्या प्रकरणांच्या विषयांखालीही ती करायची. काम किचकट, आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही. मला विचाराल तर ग्रंथपालाची कारागिरी खरी इथेच दिसते.

आमच्याकडे ‘गाव-गाडा’ची एक प्रत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे हे १९१५ सालचे पुस्तक गावचा कारभार, बलुतेदार, त्यांची कामे आणि हक्क यांबद्दल तपशिलाने बोलते. समाजशास्त्राच्या कपाटात ते स्वस्थ उभे होते. शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर वर तीन-चार फिकट शिक्के, खाली सगळे कोरे. अशी पुस्तके बाद करायच्या यादीत सहज जातात.

रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे एक कुंभार गृहस्थ आहेत. पुस्तकांच्या खोलीकडे ते कधी फिरकत नसत. एकदा वर्तमानपत्राची घडी करता करता त्यांनी विचारले, ‘‘सर, आमच्या आज्याला मडक्यांचं काय मिळायचं हो? पैसा नव्हता म्हणायचा.’’ त्यांना पुस्तक नको होते, त्यांना आजा हवा होता. मी ‘गाव-गाडा’ काढून बलुत्यांचा भाग उघडून दिला. ते तिथेच बाकावर बसून ओळीखाली बोट ठेवत वाचत राहिले, मग पुस्तक घरी घेऊन गेले. परत करताना म्हणाले, ‘‘लिहिलंय खरं, पण साहेबाच्या नजरेनं लिहिलंय. आमच्या कामाला किती वेळ लागतो ते त्याला ठाऊक नाही.’’

त्या दोन वाक्यांनी मला जो आनंद झाला तो शब्दांत मावणारा नाही. आत्रे बलुतेदारांबद्दल पुष्कळदा कठोर बोलतात, हे अभ्यासक जाणतात. इथे ज्याच्याबद्दल लिहिले होते तोच वाचून उत्तर देत होता. आपल्याशी भांडू शकेल असा वाचक पुस्तकाला इतक्या वर्षांनी भेटला. तिसऱ्या सूत्राचा मला लागलेला अर्थ हाच: वाचक म्हणजे केवळ पुस्तक घेऊन जाणारा नव्हे, त्या पुस्तकाचे बोलणे पुढे नेणारा. शंभर कादंबऱ्यांच्या देवघेवीतही समाधान असते, ते मी कमी लेखत नाही; पण त्याची जात वेगळी.

त्यानंतर मी तालिकेत त्या पुस्तकाच्या नोंदी वाढवल्या: कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, महार, गुरव, अशा एकेका नावाखाली. पुस्तकाचे नाव ठाऊक नसलेल्यालाही आता ते गाठता येईल. कोऱ्या कागदावर शिक्के पडू लागले आहेत. गेल्या आठवड्यात हे गृहस्थ आपल्या ओळखीच्या एका सुताराला घेऊन आले. त्याला बैलगाडीच्या लाकडी चाकाची मापे हवी आहेत, आणि ‘गाव-गाडा’वर त्याचे भागणार नाही. आरे किती, तुंबा केवढा, धाव कशी बसवायची, हे एखाद्या जुन्या शेतकी मासिकात असावे असा माझा अंदाज आहे. माळ्यावरचे गठ्ठे मी उतरवून घेतले आहेत.