आदिबंध आणि जात्यावरच्या ओवीतील सीता

आदिबंध : मानवजातीच्या सामूहिक नेणिवेत वारशाने आलेले आणि मिथ्यकथा, स्वप्ने, विधी व साहित्य यांतून पुनःपुन्हा प्रकट होणारे मूलाकार. ही संकल्पना स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) याने मांडली. मॉड बॉडकिन (१९३४) व नॉर्थ्रप फ्राय (१९५७) यांच्या ग्रंथांमुळे ती साहित्यसमीक्षेत रूढ झाली. फ्रायने मात्र सामूहिक नेणिवेचे गृहीतक समीक्षेला अनावश्यक मानले.

मराठीत या संकल्पनेची कसोटी लागते ती लोकगीतांत. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात मुळशी तालुक्यातील डोंगराळ गावांतून जात्यावरच्या ओव्या जमविण्यास प्रारंभ केला. पुढे हे संकलन महाराष्ट्रभर विस्तारून ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा एक लक्षणीय गट आहे. हा वनवास रामासमवेतचा नव्हे, तर गर्भवती सीतेच्या एकाकी त्यागाचा. काही ओव्यांत कैकेयी सीतेकडून रावणाचे चित्र काढविते; सीतेने पाहिलेला असतो तो केवळ त्याचा अंगठा, उरलेले चित्र कैकेयीच पुरे करते आणि किटाळ सुनेवर येते. रानात सीतेचे सांत्वन करतात त्या बोरी-बाभळी.

आदिबंधात्मक समीक्षेला येथे सामग्री विपुल मिळते : निर्वासन, अरण्य, अरण्यातील जन्म आणि धरणीमातेकडे परतणे. ‘सीता’ या शब्दाचा मूळ अर्थच नांगराचे तास असा आहे. परंतु या सूत्राने सांगाडा हाती येतो, ओवी येत नाही. चित्राचा प्रसंग बंगालीत चंद्रावतीच्या रामायणातही आहे. तेथे चित्र काढविते ती कैकेयीची मुलगी कुकुआ, म्हणजे नणंद. तेलुगू स्त्रीगीतांत ते काम शूर्पणखेकडे जाते. आकार एकच राहून कपट करणारी व्यक्ती बदलते, आणि अर्थ नेमका त्या बदलात असतो. ओवीतील कैकेयी ही राजकारणी राणी राहिलेली नाही. ती सासू आहे. दळणारीच्या लेखी वनवास म्हणजे सासुरवास. रामाला दोष देण्याचे धाडसही ती या आडोशानेच करते. कीर्तनात किंवा पोथीत तिला ही मोकळीक क्वचितच मिळाली असती.

अशा ओव्यांना ‘सनातन स्त्रीमना’चा उद्गार म्हणणे गौरवाचे वाटले, तरी त्यामुळे विशिष्ट घरातील विशिष्ट अन्याय मानवी नियती ठरतो व तक्रारीतील धार जाते. स्वतः युंगने आदिबंध हा निव्वळ रिक्त आकार असून त्याचा आशय अनुभवातून भरला जातो, असे बजावले होते. त्याच्या अनुयायांनी हा भेद पुष्कळदा पाळला नाही. रा. चिं. ढेरे यांचा लज्जागौरी (१९७८) हा ग्रंथ या दृष्टीने अधिक मार्गदर्शक आहे. मातृदेवतेसारखा सार्वत्रिक विषय हाताळतानाही त्यांनी मूर्ती, स्थळे, विधी व शब्द यांचे पुरावे सोडले नाहीत.

पिठाच्या गिरण्या आल्यावर पहाटेचे दळण थांबले. मागणीवरून म्हटलेली ओवी ध्वनिमुद्रणात टिकते. पण जात्याचा खुंटा धरून समोर बसलेली, तोच सासुरवास सोसणारी दुसरी बाई आता ती ऐकावयास नसते.