सी टाइपची प्रमाणभाषा

मंठ्याहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरून सेलूचा रस्ता जिथे फुटतो, तो देवगाव फाटा. गेल्या हिवाळ्यात गाडीची वाट पाहत तिथल्या एका मोबाइलच्या दुकानापाशी उभा होतो. एक शेतकरी बॅटरी घेऊन आला. इकडे बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या पायापुढचा उजेड. ती विझली तर वाफ्यात पाऊल कशावर पडेल, याचा नेम नाही. तो दुकानदाराला म्हणाला, “तोंड तर सेमच हाय की ओ मामा, मग मोबाइलच्या चार्जरवर लाल लाइट का लागंना?” दुकानदाराने खोक्यातून एक जुनी केबल काढली. एका टोकाला जुने रुंद, चपटे तोंड, दुसऱ्याला सी टाइप. जुन्या चार्जरात ती खोचली आणि लाइट लागली. “ही वायर फेकू नका,” एवढेच तो बोलला.

‘सेमच हाय, मग का लागंना?’ सार्वत्रिक जोडणीच्या मानकावर याहून नेमका आक्षेप माझ्या वाचनात नाही. पुढचा लेख म्हणजे त्याचाच विस्तार.

यूएसबीच्या नावातच ‘युनिव्हर्सल’ आहे. पहिली संहिता १९९६ ची. तिच्यामागे इंटेलमधले, मूळचे बडोद्याचे अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी. संगणकामागे कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांची निरनिराळी भोके होती, ती एक करायची हा हेतू. वीज देणे हे त्यातले दुय्यम काम. फाट्यावर मात्र तेच मुख्य होऊन बसले. त्याआधी आणि त्याबरोबर आपल्या बाजाराने स्वतःची बोली घडवली होती. नोकियाची ‘जाड पिन’ आणि ‘बारीक पिन’, मिनी यूएसबीला ‘व्ही थ्री’, मायक्रो यूएसबीला ‘व्ही एट’. शेवटची दोन नावे मोटोरोलाच्या फोनांची. फोन कधीच गेले, नावे पिनांना चिकटून राहिली. या बोलीत गोंधळ होता, घराघरांत चार्जरांचे जुडगे लटकत होते, पण एक भरवसा होता: पिन बसली की बहुधा चार्जिंग होई. आकार हाच अर्थ होता.

ऑगस्ट २०१४ मध्ये सी टाइपची संहिता आली आणि ही गाठ सुटली. चोवीस संपर्कबिंदू, उलटे-सुलटे कसेही लावा, एकाच तोंडातून वीज, माहिती आणि चित्र. यश मोठे आहे. अंधारात पिन चाचपडलेल्या कुणालाही ते पटेल. पण आता आकार काही सांगत नाही. एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, तशीच दिसणारी दुसरी ४० गिगाबिट. एक ६० वॉटला थांबते, दुसरी २४० पर्यंत जाते, कारण तिच्या टोकात आपली ओळख सांगणारी चिप दडलेली असते. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी.

त्या विजेरीचे दुखणे बहुधा याच जातीचे. जुना रुंद तोंडाचा चार्जर समोर कोण आहे हे न पाहता पाच व्होल्ट देत राहतो. दोन्हीकडे सी टाइप असलेली जोडणी तसे करत नाही. समोरच्या उपकरणाने ५.१ किलोओहमच्या रोधकाने ‘मी वीज घेणारा आहे’ असे सांगेपर्यंत ती वीज सोडत नाही. स्वस्त मालात हे चिमुकले रोधक गाळले जातात. तोंड प्रमाणभाषेचे, पण व्याकरणाचे पहिले वाक्यच येत नाही. हा दोष मात्र संहितेचा नाही. तिने रोधक स्पष्टपणे सांगितले आहेत.

संहितेचा स्वतःचा दोष नामकरणात आहे. २००८ चे ‘यूएसबी ३.०’ पुढे ‘३.१ जेन १’ झाले, मग २०१७ मध्ये ‘३.२ जेन १’. वेग तोच, पाच गिगाबिट. एखाद्या कवीने एकच संग्रह तीन नावांनी छापला, तर आपण त्याला दिवाळी अंकात झोडपून काढू. नंतर मानककर्त्यांनीच वेग आणि वॉट सरळ आकड्यांत छापण्याचा मार्ग धरला. म्हणजे बारा-चौदा वर्षांनी ते बाजारबोलीच्या शहाणपणापाशी आले.

एकीकरण या मुलखाला नवे नाही. सेलूवरून जाणारा मनमाड-परभणी लोहमार्ग मीटर गेजचा, रुंदी १००० मिलिमीटर. मुंबईला जायचे तर मनमाडला बोचकी उचलून ब्रॉड गेजच्या गाडीत चढावे लागे. १९९०च्या दशकात रूळ १६७६ मिलिमीटरचे झाले आणि ती उतरचढ संपली. विजेच्या तारा मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या. तोवर मनमाडपासून पुढे डिझेल इंजिनच. पण तिथे तार आहे की नाही, हे कुणालाही मान वर करून दिसत होते. केबलमध्ये हेच नेमके झाकलेले असते.

कायद्याने काय केले? युरोपीय संघाने २०२२ मध्ये निर्देश काढला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे यांना सी टाइप सक्तीचे केले. त्यात एक चांगली गोष्ट आहे: किती वीज लागते ते वेष्टनावर चित्राने दाखवायचे. पण उपकरणांच्या त्या यादीत विजेरी नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मधल्या केंद्राच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅबलेट, लॅपटॉपसाठी सी टाइपवर सहमती झाली, बटणांच्या साध्या फोनचा प्रश्न वेगळा ठेवला गेला. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मानक जाहीर केले. पण आपल्याकडे मानक निघाले म्हणजे सक्ती झाली असे नसते, त्यासाठी सरकारचा वेगळा आदेश लागतो. विजेरी आणि बटणांचा फोन. फाट्यावरच्या त्या काउंटरवर तासाभरात मी पाहिलेली गिऱ्हाइके बहुतेक याच दोन वस्तूंची होती. ग्रंथाची प्रमाणभाषा ठरवताना बोली बोलणाऱ्यांना बैठकीला बोलावायचे नाही, ही आपली सवय इथेही टिकून आहे.

सेलूची गाडी आली तेव्हा दुकानदार नव्या केबलींचा गठ्ठा सोडत होता. एकेक केबल आपल्या फोनला आणि लॅपटॉपला लावून पाही आणि पिशवीवर मार्करने लिही: ‘फक्त चार्जिंग’, ‘डेटा बी’, ‘बॅटरीला चालते’. तिसऱ्या खोक्यात सगळ्यात कमी केबली होत्या.