निरक्षरता की विस्मरण? : एका कसोटीची चिकित्सा

वार्धक्यातील सौम्य बोधनिक ऱ्हासाच्या कारणांत अल्पशिक्षणास अलीकडे मोठे स्थान मिळालेले आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह व एकाकीपणा यांच्या पंक्तीस तेही आहे. हा निष्कर्ष निराधार नव्हे. परंतु तो नंदुरबार जिल्ह्यास लावण्यापूर्वी, ज्या मापाने मोजावयाचे ते माप तपासून घेणे प्राप्त आहे.

फोल्स्टाइन प्रभृतींनी १९७५ साली सिद्ध केलेल्या ३० गुणांच्या परीक्षेत वाक्य वाचणे, वाक्य लिहिणे, तारीख सांगणे अशी कृत्ये आहेत. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही तो येथे स्मृती गेल्यामुळे नव्हे, तर शाळा न मिळाल्यामुळे गुण गमावतो. आणि मग आपण त्या तुटीस ऱ्हास म्हणतो व शिक्षणाभावास त्याचे कारण ठरवितो! गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली, हरियाणातील बल्लभगडच्या अनुभवावरून, हिंदी रूप प्रसिद्ध केले. त्यात वाचनाऐवजी अनुकरण आले, लेखनाऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे आले. ही सुधारणा मोलाची खरी. तथापि बल्लभगड म्हणजे धडगाव नव्हे.

२०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिली, पावरी, मावची या येथील घरच्या भाषा. पावरी बोलणाऱ्या वृद्धेस मराठीतून प्रश्न विचारणे म्हणजे तिच्या स्मृतीबरोबर परभाषेचीही परीक्षा घेणे होय. तारखेऐवजी आठवड्याचा बाजार कोणत्या वारी, होळीस किती दिवस उरले, हे तिला विचारून पाहावे. स्थळज्ञानाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली; त्यांतील कित्येक कुटुंबे तळोदा-शहादा भागात वसविली गेली. अशा वसाहतीतील म्हाताऱ्याने आपले गाव म्हणून बुडालेल्या गावाचे नाव सांगितले, तर परीक्षकाने शून्य गुण द्यावा काय?

खरे धोके येथे नाहीत असे नव्हे. चुलीचा धूर, न उतरविलेला मोतीबिंदू, ऐकू न येणे, न तपासलेला रक्तदाब, हे सर्व आहेत, आणि त्यांवर आज उपाय करता येतो. सत्तरीच्या माणसास त्याची शाळा परत देता येत नाही. (प्रबंधाचे तक्ते भरण्याच्या घाईत मात्र शिक्षणाची वर्षे लिहिणे सोपे, कान तपासणे कठीण!)

शिवाय सौम्य ऱ्हास म्हणजे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या पूर्वस्थितीहून झालेली घट. ती सांगणारा जवळचा माणूस लागतो. तो मुलगा ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेला असतो, आणि घरी आजीसोबत नातवंडे उरतात. सर्वेक्षणाचा काळ तो परतल्यानंतर ठेवावा, आणि आजी आपल्या शेळ्या अजून ओळखते काय, राखून ठेवलेले बियाणे कोणत्या मडक्यात आहे हे तिला आठवते काय, हे प्रथम त्यास विचारावे.