कडाबीन, काडतूस आणि ‘माझा प्रवास’ : १८५७च्या मराठी वृत्तान्तातील शस्त्राचे स्थान

प्रस्तावना

विष्णुभट गोडसे वरसईकर (जन्म १८२७) यांचा ‘माझा प्रवास’ हा १८५७-५८च्या संग्रामाचा मराठीतील प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून मान्यता पावला आहे. सर्वतोमुख यज्ञातील दक्षिणेच्या आशेने कोकणातून निघालेला हा याज्ञिक झाशीच्या वेढ्यात सापडला आणि सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने आपली हकीकत लिहिली. प्रवासवर्णन, आत्मकथन व इतिहाससाधन या तिन्ही अंगांनी या ग्रंथाची चर्चा झाली आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. या कथनात शस्त्र कोणत्या वाटेने येते, आणि घोडेस्वाराची आखूड बंदूक, म्हणजेच कराबीन अथवा कडाबीन, समजून घेतल्यास ग्रंथाच्या वाचनात काय फरक पडतो?

कडाबिनीचे स्वरूप

पायदळाची लांब बंदूक घोड्यावरून हाताळता येत नाही. म्हणून स्वारासाठी आखूड नळीची बंदूक तयार झाली. ती खांद्यावरील पट्ट्याला कडीने अडकवलेली असे. इंग्रजी रिसाल्यातील व्हिक्टोरिया कडाबीन ठासणीची होती; दौडत्या घोड्यावरून पडू नये म्हणून ठासणीचा गज नळीलाच जोडलेला असे. पुढे ब्रिटिश सरकारने अमेरिकेतून ६,००० शार्प्स कडाबिनी खरेदी केल्या. त्यांत चापाखालची मूठ ओढली की नळीचे मागचे तोंड उघडे. तेथे कागदी काडतूस घालून मूठ मिटताच काडतुसाचे टोक आपोआप कापले जाई. त्यांपैकी काही हिंदुस्थानातील रिसाल्यांकडे आल्या. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) हेच शस्त्र गाजले.

कथनातील शस्त्राचे तीन प्रवेश

गोडसे शस्त्रज्ञ नव्हते. म्हणूनच त्यांच्या कथनात शस्त्र वस्तू म्हणून न येता अनुभव म्हणून येते. पहिला प्रवेश धर्माच्या वाटेने होतो : महूच्या छावणीजवळ शिपाई त्यांना चरबीच्या काडतुसांची हकीकत सांगतात. दुसरा प्रवेश दृष्टीच्या वाटेने होतो : झाशीच्या वेढ्यात रात्रीच्या आकाशातून येणारे तोफांचे गोळे दिसतात. तिसरा प्रवेश देहाच्या वाटेने होतो : शहर पडल्यावरचे बिजन, लूट आणि रस्त्यांतील प्रेते. काडतूस, गोळा व जखम हा क्रम लेखकाने योजलेला नाही. परंतु ऐकीव बातमीपासून प्रत्यक्ष संहारापर्यंतचा कथनाचा प्रवास त्यातून उलगडतो. शस्त्राचे नाव न सांगताही त्याची दहशत पोहोचवणे हे या गद्याचे सामर्थ्य होय.

राणीच्या मृत्यूचा प्रसंग

मर्यादाही येथेच जाणवते. १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे ८व्या हुसार रिसाल्याने हल्ला चढवला व त्या धुमश्चक्रीत राणी लक्ष्मीबाई पडल्या. गोडसे तेथे नव्हते; हा भाग ऐकीव आहे. त्यांच्या वृत्तान्तात बाईंना गोळी लागते आणि तलवारीचा वारही बसतो. इंग्रजी वृत्तान्तही एकमुखी नाहीत : काहींत कडाबिनीची गोळी, काहींत तलवार, तर काहींत दोन्ही. उत्तरकालीन स्मृतीने मात्र या द्वैतातून तलवारच निवडली. चित्रांत आणि पुतळ्यांत राणीच्या हाती तलवार आहे. समोरच्या स्वाराची कडाबीन दिसत नाही. ही निवड स्वाभाविक असली तरी तिच्यामुळे युद्धातील मूलभूत विषमता झाकली जाते. वीराशी वीर भिडल्याचे चित्र उभे राहते. कारखान्यात हजारोंनी घडलेले शस्त्र नजरेआड होते. गोडसे गोळी व तलवार दोन्ही ठेवतात, ही त्यांच्या ऐकीव कथनाचीही प्रामाणिकता मानली पाहिजे.

पाठाचा प्रश्न

असे वाचन करताना कोणती प्रत हाती घ्यावी, हा प्रश्न गौण नाही. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये हा ग्रंथ संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. शस्त्र, वस्त्र, नाणे अशा वस्तुवाचक शब्दांचा अभ्यास संस्कारित प्रतीवरून करणे धोक्याचे आहे. अध्यापनातही मूळ पाठालाच प्राधान्य हवे.

वऱ्हाडचा संबंध

हा विषय आपल्या परिसराला दूरचा नाही. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनीकडे सोपवला, तो मुख्यतः हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी. त्या फौजेच्या तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्यात होत्या व झाशीविरुद्ध लढल्या. पुढे वाशीम जिल्ह्यात असलेला आणि १९०५ मध्ये यवतमाळला जोडला गेलेला पुसद तालुका याच मुलखातला. म्हणजे राणीवर चालून गेलेल्या फौजेच्या खर्चात वऱ्हाडच्या शेतसाऱ्याचा वाटा होता. ‘माझा प्रवास’ शिकवताना ही अस्वस्थ करणारी बाब वर्गात मांडली गेली पाहिजे.

निष्कर्ष

१. ‘माझा प्रवास’मध्ये शस्त्र काडतूस, गोळा व जखम या क्रमाने येते, हा क्रम कथनाच्या वाढत्या तीव्रतेशी सुसंगत आहे.

२. राणीच्या मृत्युप्रसंगातील गोळी व तलवार हे द्वैत पुसून टाकणे म्हणजे साधनांचे सुलभीकरण होय.

३. वस्तुसंस्कृतीच्या अंगाने अभ्यास करताना १९६६ची आवृत्ती आधारभूत मानावी.

४. या संग्रामाचा वऱ्हाडातील आर्थिक धागा स्थानिक महसुली कागदपत्रांतून शोधणे हे येथील महाविद्यालयांतील मराठी व इतिहास विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे.