एकोणऐंशीचे काय करायचे?

2019च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात वादळ उठले. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन त्या पुस्तकात दिले होते. वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांवर आणि थेट विधिमंडळातही त्याची थट्टा झाली. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत, हा गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा खुलासा गदारोळात फारसा कुणी ऐकला नाही. काही आठवड्यांत वाद शमला. मूळ प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

नारळीकरांचे निदान चुकीचे नव्हते. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. ‘त्रेपन्न’ ऐकणारे मूल प्रथम तीन ऐकते आणि 35 लिहून मोकळे होते. जर्मन भाषेतही एकक आधी येतो; पण तिथे दोन्ही शब्द सुटे ओळखता येतात. मराठीत ते एकमेकांत विरघळतात. शेजारच्या कन्नडमध्ये वीस आधी, एक नंतर. आपल्याकडे त्यात ‘त्र्याण्णव’, ‘ब्याण्णव’ अशा जोडाक्षरांची भर. सर्वांत अवघड प्रकरण एकोणऐंशीचे. मुलाच्या कानावर ‘ऐंशी’ पडते आणि लिहायचे असतात सात आणि नऊ.

विरोधकांचे म्हणणेही निव्वळ भावनिक नव्हते. संख्यानामे गेली की त्यांच्याबरोबर भाषेचा मोठा ऐवज जातो, ही भीती खरी आहे. इंग्रजी माध्यमातल्या अनेक मराठी मुलांना आजीने सांगितलेला भाजीचा हिशेब कळत नाही, हे आपण घरोघरी पाहतो.

तरीही दोन्ही बाजूंचे एक गृहीतक समान होते. एका बाजूला ही नावे ओझे वाटली, दुसऱ्या बाजूला वारसा. ओझे उतरवायचे असते आणि वारसा जपायचा असतो. ही नावे मुलांसमोर तपासायला ठेवावीत, हे दोघांनाही सुचले नाही. पुस्तकात दोन वाचने शेजारी छापणे ही सुरुवात होती. त्यांची तुलना मुलांकडून करून घेणे ही पुढची पायरी. चर्चा तिथवर पोहोचलीच नाही.

ती पायरी कशी असेल? तिसरीच्या वर्गात फळ्यावर बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव लिहावे आणि विचारावे, यांत ‘दोन’ कुठे लपले आहेत? मुले ‘बा’, ‘बे’, ‘ब्या’ शोधतात आणि मग कुणाला तरी ‘बे एके बे’ आठवते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची आठ नावे आहेत. ‘एक ऊन’ म्हणजे एक कमी. ऐंशीला एक कमी, हे कळले की एकोणऐंशी पाठ करावे लागत नाही. ती एक वजाबाकी होते. मग नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ का म्हणत नाहीत? या प्रश्नाला गुण नसतात. पण नियम आणि अपवाद यांची पहिली ओळख इथे होते. ती गणिताचीही असते आणि व्याकरणाचीही.

अपूर्णांकांचे तसेच. साडेतीन, साडेचार म्हणतो. मग साडेएक, साडेदोन का नाही? कारण त्या जागा दीड आणि अडीच यांनी आधीच धरल्या आहेत. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे आणि पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, हे ज्याला उमगले त्याला ‘पाऊण’ ही संख्या नव्हे, कशाचा तरी भाग आहे, हे उमगले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही पाठांतरे गेली याचे मला दुःख नाही. त्यामागचा विचार मुलांना कधी सांगितला गेला नाही, याचे आहे.

आज ‘समृद्ध शिक्षण’ या नावाने जे विकले जाते ते बहुधा पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधी उरकणे असते. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषा आणि गणित एकाच प्रश्नपत्रिकेत असतात. इतक्या शेजारी असूनही त्यांची गाठ पडत नाही. चार पर्यायांतून एक वर्तुळ रंगवायचे असल्याने ‘असे का?’ हा प्रश्न तिथे मावत नाही.

आपल्याकडे हे विषय नेहमीच वेगळे नव्हते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त गणिते पद्यात आहेत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा दुसऱ्यावर, त्या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा अधांतरी घिरट्या घालतो. तर थवा किती? उत्तर पंधरा. पण वाक्य नीट वाचल्याशिवाय समीकरण मांडताच येत नाही.

यावर आक्षेप येईल : दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात, तिथे हे चोचले कसे परवडतील? आक्षेप खरा आहे. पण इथे फळा आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही. शिवाय अशा वर्गात एखाद्या मुलाच्या घरी अहिराणी असेल, दुसऱ्याच्या घरी कोरकू किंवा गोंडी. त्यांच्या घरच्या संख्या फळ्यावर आल्या, तर एरवी मागे पडणारे मूल त्या दिवशी वर्गाला शिकवील.

खरी अडचण वेगळी आहे. गणिते लवकर संपवणाऱ्या हुशार मुलांना बक्षीस म्हणून कोडी द्यायची आणि अडखळणाऱ्यांकडून तेच पाढे पुन्हा घोकून घ्यायचे, ही आपली जुनी रीत. एकोणऐंशीला जो अडखळतो, त्यानेच खरे तर भाषेतली विसंगती हेरलेली असते. 89 लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत आपण लाल फुली मारतो. त्याआधी ‘तुला काय ऐकू आले?’ एवढे विचारले, तरी सुरुवात होईल.