दामाजीची पावती

विष्णुपुरीस गोदावरीच्या बांधावर उभे राहून शंकरसागराचे पाणी न्याहाळीत असता दुष्काळाची कथा आठवावी, हे कोणास विसंगत वाटेल. परंतु ज्या मराठवाड्यात १९७२ साली घरंदाज कुणब्यांनीही दुष्काळी कामावर खडी फोडली, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरसारख्या शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे ‘देव तारील’ हे शब्द कोणत्या अर्थाने उच्चारावेत हा प्रश्न केवळ पोथीपुरता उरत नाही. या प्रश्नाचे मार्मिक उत्तर महीपतीने शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त दामाजीपंताच्या आख्यानात आहे, असे आमचे मत आहे. मात्र ते जेथे आहे तेथे वाचकाची दृष्टी सहसा थांबत नाही.

आख्यानाचा शेवट सर्वांच्या तोंडी आहे. विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंग बेदरच्या दरबारी जातो, धान्याची किंमत मोजून देतो व पावती घेतो. हे बेदर आम्हांस परके नव्हे; देगलूर ओलांडले की त्याचीच वाट लागते. अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या बाळपणाची कथाही याच दरबाराशी येऊन भिडते. वडिलांकडे थकलेल्या वसुलापायी तो मुलगा तेथे ओलीस राहिला, मुदत सरत आली, आणि दत्ताजी पाडेवार नामक अनोळखी मनुष्याने रक्कम भरून त्यास सोडविले, अशी ती आख्यायिका. दोन्ही कथांत देव पैसे भरतो. एवढ्या साम्यावरून त्या एकाच साच्यातील मानण्याची आमच्याकडे रूढी पडली आहे.

आम्हांस ती मान्य नाही. दासोपंत संकटात सापडतो. दामाजी संकटात पाऊल टाकतो. मंगळवेढ्याची कोठारे बादशहाची, दामाजी त्यांचा केवळ रखवालदार. दारी भुकेलेले लोक उभे राहतात तेव्हा तो हिशेब करतो, आणि हिशेब स्पष्ट असतो: धान्य वाटले तर आपला प्राण जाईल, न वाटले तर यांचे जातील. या क्षणी त्यास दृष्टांत होत नाही, आकाशवाणी होत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे जे वचन आहे, तेवढेच त्याच्यापाशी असते; आणि तेही पोथीत, हातात नव्हे. तो पेवे उघडतो. धन्याची आज्ञा व देवाची आज्ञा यांतून एकीची निवड त्याने तेथेच केली. शिपाई बेदरास नेत असता वाटेत पंढरीस थांबून तो विठ्ठलाची भेट घेतो, ती अखेरची समजूनच.

महीपतीच्या प्रतिभेचा खरा स्पर्श यानंतरच्या एका लहानशा तपशिलात आहे. बेदरची पावती दामाजीस सापडते ती त्याच्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत. जेथे वचन लिहिलेले तेथेच त्याची भरपाई! पण पावती ही खर्चानंतरची वस्तू होय. दामाजीने ती आधी मागितली असती तर पेवे बंदच राहिली असती, आणि पुढील आख्यान लिहिण्यास महीपतीस कारणच उरले नसते. दुष्काळात हात बांधून ‘देव पाहील’ म्हणणारे या कथेचा आधार घेतात, तेव्हा ते शेवटचे पान आधी वाचतात.

तथापि कवीचा दोष झाकणे आम्हांस रुचत नाही. चमत्काराची त्याला फार घाई आहे. ज्यांनी धान्य नेले त्यांचे पुढे काय झाले, हे तो पुरते सांगत नाही. आणि दुसऱ्या गावी, जेथे कोणी दामाजी नव्हता, तेथे विठ्ठलाचे नाव घेतच मेलेल्यांचा विचार त्याच्या ओवीत शिरत नाही. दुष्काळ पाहिलेला वाचक तो विचार केल्यावाचून राहत नाही. आणखी एक गोष्ट. देवाने रूप घेतले ते महाराचे. सरकारी निरोप व वसूल पोचविणे हे महाराचे वतनी काम, म्हणून ते रूप कथेस सोयीचे, हे खरे. पण चोखामेळ्याचा अंत ज्या मंगळवेढ्यास झाला त्याच गावची ही कथा आहे. आणि बादशहाच्या दरबारात ताठ मानेने शिरलेल्या त्या विठूच्या जातीस पंढरीच्या देवळात शिरण्यास १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी उपोषण मांडल्यावर. शतकानुशतके ही कथा डोळे पुसून ऐकणाऱ्या श्रोत्यांनी तिच्यातील आज्ञा मात्र ऐकली नाही, असे म्हणणे भाग आहे.

पावती हाती आल्यावर दामाजीचे भय सरले होते, अधिकार शाबूत होता, खुद्द बादशहा प्रसन्न होता. तरी तो चाकरी सोडून पंढरीस जातो. आपल्या चाकरासाठी देवास वेठीची पायपीट करावी लागली, याचेच त्यास दुःख. महीपतीने हा प्रसंग उरकून टाकला आहे. दरबारातील मोहरांच्या वर्णनातून चार ओव्या काढून त्याने त्या येथे घातल्या असत्या, तर आमची तक्रार नव्हती.